दीड वर्ष एक वकील, पाच महिने दुसऱ्या: मुलीच्या ताब्याच्या निकालानंतरचा अनुभव

निकालपत्राच्या शेवटच्या पानावर एक वाक्य आहे: 'वडिलांना दोन्ही पक्षांच्या सोयीनुसार मुलीला भेटता येईल व व्हिडिओ कॉलवर बोलता येईल.' ताबा आईकडे गेला त्याचं दुःख आहेच, पण माझी झोप उडवली ती या 'सोयीनुसार'ने. पहिल्या महिन्यात मी २३ वेळा फोन केला, बोलणं झालं ४ वेळा. मुलगी ८ वर्षांची. पुढचा दात हलत होता, कॅमेऱ्यासमोर बोटाने हलवून दाखवायची. नंतर बरेच दिवस फोन लागलाच नाही. लागला तेव्हा दात पडून गेला होता आणि तिला त्याचं नवलही उरलं नव्हतं.

वार नाही, वेळ नाही, सुट्ट्यांचा उल्लेख नाही. पोलिसांत जा, कोर्टात जा, कुणीही विचारणार, 'नक्की काय मोडलं?' आणि सांगायला काही नाही.

मी पहिल्या वकीलसाहेबांच्या चेंबरला गेलो. साहेब म्हणाले, 'कोर्टाने दिलं तेवढं घ्या.' तिथेच मी वकील बदलायचं ठरवलं.

त्यांची फी एकरकमी, शिवाय दर तारखेला २,५०० वेगळे, रोख, पावती नाही. तारखा झाल्या १६. ई-कोर्ट्सच्या ॲपवर १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याचा वेगळा क्रमांक) टाकला की रोजनामा, म्हणजे कोणत्या तारखेला काय झालं त्याची नोंद दिसते, हे मला निकालानंतर कळलं. त्यातल्या ५ तारखांना 'अर्जदाराच्या वकिलांनी मुदत मागितली' असं लिहिलंय. अर्जदार मीच. मला मात्र ज्युनिअरचा मेसेज यायचा, 'तारीख पडली.' त्या ५ दिवसांचे १२,५०० मी माझ्या आईच्या औषधांच्या पैशांतून दिलेत, म्हणून ते डोक्यातून जात नाहीत.

पहिल्याच भेटीत साहेब म्हणाले होते, 'पोरगी पाचच्या पुढची आहे, आता तुम्हालाच मिळणार.' मी विश्वास ठेवला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ ताब्याबद्दल एवढंच म्हणतं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. पाच पूर्ण झाली की ताबा वडिलांकडे जातो असं त्यात कुठेही नाही. त्यानंतरही पाहिलं जातं ते मुलाचं हित. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी वेगळी तयारी केली असती.

इथवरचं मी निकालानंतर काही आठवड्यांत लिहून ठेवलं होतं. आता त्यात बदल करतोय, कारण मधल्या काळात खटल्याच्या कागदांची प्रमाणित नक्कल हातात आली आणि मी माझी स्वतःची उलटतपासणी वाचली.

'वर्गशिक्षिकेचं नाव?' माहीत नाही. 'शेवटची पालकसभा?' मी गेलो नव्हतो. 'तिला कशाची ॲलर्जी आहे?' आठवत नाही. ही माझी उत्तरं आहेत, वकिलाची नाहीत. न्यायाधीशांनी मुलीशी चेंबरमध्ये एकटीशी बोलणं केलं, तेही निकालात आहे. तिला शाळा बदलायची नव्हती. निकाल चुकीचा होता असं आज मी म्हणणार नाही. पण भेटीच्या वेळा मागायचं काम वकिलाचं होतं. आमच्या अर्जाच्या विनंतीत फक्त 'ताबा द्यावा' एवढंच होतं. 'ताबा न दिल्यास अमुक वारी, अमुक वेळी भेट' ही पर्यायी मागणीच नव्हती. न मागितलेलं कोर्ट तपशीलवार कशाला देईल?

फाइल सोडवणं हा वेगळा ताप. 'उरलेले पैसे द्या, मग फाइल.' नव्या वकील मॅडमनी दोन ओळींचं पत्र पाठवलं. फीसाठी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय. चौथ्या दिवशी फाइल आणि वकील बदलायला त्यांची लेखी ना हरकत, दोन्ही मिळालं. ग्राहक आयोगात जायचा माझा विचार होता, पण तो रस्ता २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झालाय. वकिलाविरुद्ध तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली करता येते. मी कागद तयार केलेत, अजून दिलेले नाहीत. सध्या शक्ती मुलीसाठी ठेवतोय.

अपिलाला कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ३० दिवस असतात, नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात. मी अपील केलं नाही. मॅडम म्हणाल्या, 'आदेश अपुरा आहे, तर तो पुरा करून घेऊ.' ताब्याचे आदेश कायमचे नसतात, परिस्थितीप्रमाणे बदलता येतात, हे १९७३ च्या रोझी जेकब निकालापासून ठरलेलं आहे. म्हणून त्याच कोर्टात अर्ज दिला: रविवारी १० ते ६ भेट, बुधवारी रात्री ८ ते ८.२० कॉल, दिवाळी आणि उन्हाळ्याची निम्मी सुट्टी.

मला वाटलं होतं, आता आणखी वर्षभर तारखा. पण मुलीची आई समुपदेशकांसमोर म्हणाली, 'बुधवारी तिचा नाचाचा क्लास असतो, दमून येते. गुरुवार करा.' एवढंच. रविवार आणि गुरुवारची संमतीची पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) त्याच दिवशी दाखल झाली. हाच प्रश्न दीड वर्षात आमच्या साहेबांनी तिच्या वकिलांना एकदाही विचारला नव्हता.

सुट्टीचा मुद्दा अजून बाकी आहे, पुढची तारीख १८ ला. गेल्या गुरुवारी ८ वाजून २ मिनिटांनी फोन तिकडूनच आला. वर्गशिक्षिकेचं नाव मी तेव्हाच तिला विचारून घेतलं.