करिअर बदलणाऱ्यांच्या गटातले खोटे सोबती : 'रेफरल स्लॉट'च्या नावाखाली पैसे कसे उकळतात

चाकणच्या कारखान्यात आठ वर्षं क्वालिटीत काढलेला इंजिनिअर डेटा ॲनालिटिक्सकडे वळतो. डी.एड. करून शिक्षकभरतीची वाट बघून थकलेली ताई सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकायला घेते. बँकेच्या वसुलीत पिचलेला तरुण एचआरमध्ये शिरायचं ठरवतो. या सगळ्यांना क्लासपेक्षा जास्त गरज असते ती सोबतीची. जुन्या ओळखी नव्या क्षेत्रात उपयोगी पडत नाहीत, नव्या क्षेत्रात ओळखीचं कुणी नसतं, आणि घरी "झालं का काही?" हा प्रश्न रोज ताटाबरोबर वाढला जातो. मग माणूस आपल्यासारखे चार जण जिथे भेटतील असा गट शोधतो. यात त्याचं काही चुकत नाही. करिअर बदलताना असा गट खरोखर लागतोच, आणि म्हणूनच ठगांनी नेमकी हीच जागा धरली आहे.

'नोकरी लावतो' म्हणून पैसे घेणारा एजंट आता बहुतेकांना ओळखू येतो. गटातली फसवणूक ओळखू येत नाही, कारण तिथे पैसे मागणारा आणि पैसे द्यायला पटवणारा ही दोन वेगळी माणसं असतात. पटवणारा तुमच्यासारखाच नोकरी शोधणारा असल्याचं भासवतो.

गट बहुधा टेलिग्रामवर असतो, आणि त्याला कारण आहे. तिथे सदस्यांचा फोन नंबर झाकता येतो. व्हॉट्सॲपवर ॲडमिनने एखादा मेसेज उडवला की 'ॲडमिनने मेसेज डिलीट केला' अशी खूण मागे राहते, टेलिग्रामवर काहीच राहत नाही. "मला तीन महिने झाले, अजून मुलाखत नाही" असं कुणी लिहिलं की दहा मिनिटांत तो मेसेजही नाही आणि लिहिणाराही नाही. बाकीच्यांना दिसतात त्या फक्त आनंदाच्या बातम्या. सदस्य हजाराच्या वर दिसतात, पण बोलणारे तेच तीस-चाळीस जण असतात.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ओळख लिहायला सांगतात : सध्याचं क्षेत्र, किती वर्षं, कुठलं गाव, किती गॅप (नोकरी किंवा शिक्षणातला खंड), कुठे जायचंय. सगळे लिहितात म्हणून आपणही मोकळेपणाने लिहितो. पुढच्या सगळ्या फसवणुकीचा कच्चा माल हाच असतो. दोन-तीन दिवसांत खासगी मेसेज येतो : "दादा, मी पण मेकॅनिकलचाच. माझी पण दोन वर्षांची गॅप होती. सरांच्या मॉक इंटरव्ह्यूचा फार फायदा झाला." तुमची शाखा, तुमची गॅप, तुमचाच जिल्हा. योगायोग वाटतो, पण तो तुमच्या ओळखीवरून बेतलेला माणूस असतो. गटात आल्यावर आठवड्याच्या आत सगळ्या बाबतीत तुमच्याशी जुळणारं कुणी स्वतःहून जवळ आलं, तर तिथे पाणी मुरतंय असं धरून चाला.

पहिले दहा-पंधरा दिवस कुणी एक रुपया मागत नाही. संध्याकाळी कॉल होतात, रिझ्युमेचे नमुने मिळतात, आणि त्यातलं काही खरंच कामाचं असतं. मग ४९९ रुपयांची 'सीरियस मेंबर' नोंदणी येते. त्यानंतर दोन-अडीच हजारांचा मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे सरावाची मुलाखत. मग 'रेफरल स्लॉट' : हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या मोठ्या कंपनीत आतला माणूस तुमचं नाव टाकणार, जागा सहाच, पंधरा ते तीस हजार रुपये, 'नाही झालं तर परत'. रकमा गटागणिक बदलतात, चढण तीच असते. शेवटी ऑफर लेटर येतं आणि त्याच्या पाठोपाठ बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं (आधीची नोकरी आणि कागदपत्रं तपासण्याचं) डिपॉझिट, लॅपटॉपचं डिपॉझिट, 'डॉक्युमेंटेशन'. प्रत्येक पायरीवर मागचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. तुमच्यासारखाच असलेला तो सोबती आधल्या रात्री कळवतो, "मी भरले आत्ताच, तुम्ही पण भरा, स्लॉट जातील."

रेफरल खऱ्या कंपनीत कसं चालतं हे एकदा नीट समजून घेतलं की 'स्लॉट' हा शब्दच खोटा वाटायला लागतो. कंपनीतला कर्मचारी अंतर्गत पोर्टलवर तुमचं नाव, ईमेल आणि त्या जागेचा जॉब आयडी भरतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांत त्यानंतर भरती यंत्रणेकडून तुम्हाला थेट मेल येतो, तुम्ही अर्ज पूर्ण करता आणि अर्ज क्रमांक मिळतो. तुमची निवड होऊन तुम्ही काही महिने टिकलात, तर कंपनी त्या कर्मचाऱ्याला बोनस देते. म्हणजे पैसा कंपनीकडून कर्मचाऱ्याकडे जातो. उमेदवाराकडून कुणाकडेही जात नाही. रेफरलने फार तर रिझ्युमे ढिगातून वर येतो, मुलाखत पूर्वीइतकीच कठीण राहते. तेव्हा रेफर करणाऱ्याला एकच विचारा : जॉब आयडी काय? खरा माणूस तो आधीच पाठवतो. खोटा 'हिडन ओपनिंग आहे' म्हणतो.

व्हेरिफिकेशनचंही तसंच. ते कंपनी करून घेते आणि त्याचा खर्चही कंपनीच उचलते. तपासणारी संस्था कागदपत्रांसाठी लिंक पाठवते, पैशांसाठी क्यूआर कोड पाठवत नाही.

आता ऑफर लेटर. लोगो, सही-शिक्का, पान क्रमांक, सगळं झकास असतं. त्यामुळे दिसण्यावर जाऊ नका, आकडे वाचा. महाराष्ट्रात ठरावीक पगाराच्या वर व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. बनावट पत्रात बाराही महिने २०० धरून २,४०० लिहिलेले सापडतात. एवढ्यावरून पत्र खोटं ठरत नाही, घाईत खऱ्या एचआरकडूनही असं होतं. पण पीएफचा रकाना सोबत बघा. तो मूळ पगाराच्या १२ टक्के असायला हवा, किंवा १५,००० ची मर्यादा धरली असेल तर महिना १,८००. तो एकूण पगारावर काढलेला असेल आणि ग्रॅच्युइटीचा पत्ताच नसेल, तर पत्र पगारपत्रक कधी न बनवलेल्या माणसाने टाइप केलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

मग मेलचा पत्ता. 'ॲट'च्या चिन्हानंतरचा भाग शेवटाकडून वाचा. कंपनीचं संकेतस्थळ 'अमुक डॉट कॉम' असेल आणि मेल 'अमुक हायफन करिअर्स डॉट इन'वरून आला असेल, तर तो पत्ता कुणीही काही शे रुपयांत विकत घेऊ शकतो. कधी इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी ठेवलेले असतात, मोबाइलच्या छोट्या अक्षरांत ते कळत नाही, म्हणून पत्ता मोठा करून बघा. 'हूइज' या संकेतस्थळांच्या नोंदणीच्या शोधात पत्ता कधी नोंदवला ते दिसतं. वीस वर्षं जुन्या कंपनीचा मेल दोन महिन्यांपूर्वी नोंदवलेल्या पत्त्यावरून आला तर पुढे काही तपासायची गरज नाही. आणि खात्रीसाठी फोन लावायचा तो पत्रावरच्या नंबरावर नाही, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या.

कन्सल्टन्सीने पावती दिली तर जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा २७. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन. त्यामुळे सहावं अक्षर म्हणजे पॅनचं चौथं, आणि ते धारक कोण आहे ते सांगतं : 'सी' म्हणजे कंपनी, 'एफ' म्हणजे भागीदारी फर्म, 'पी' म्हणजे एकटी व्यक्ती. पावतीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि क्रमांकात सहावं अक्षर 'पी' असेल, तर ती पावती खोटी आहे. जीएसटी पोर्टलवर हा क्रमांक फुकट तपासता येतो, कंपनीचं नाव कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी ॲपमध्ये समोरच्याचं बँकेतलं नाव येतं. तिथे कंपनीऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं, तर पिन टाकू नका. 'आमच्या अकाउंटंटचं खातं आहे' हे उत्तर ठरलेलं असतं.

याच गटांतून आणखी दोन रस्ते फुटतात.

एक, खोट्या अनुभवाचा. 'तीन वर्षांचा एक्सपीरियन्स लावून देतो, पेस्लिप आणि रिलिव्हिंग लेटरसकट.' यात पैसे जातात ते जातातच, शिवाय माणूस स्वतः गुन्ह्यात ओढला जातो. पीएफच्या १२ अंकी यूएएनखाली, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या तुमच्या खाते क्रमांकाखाली, कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता हे सगळं दिसतं. ज्या काळात तुमचा पीएफ चाकणच्या कारखान्यातून भरला जात होता, त्याच काळात तुम्ही बंगळुरूत टेस्टर होतात, हे टिकत नाही. रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी पकडलं गेलं तरी नोकरी जाते आणि खोटी कागदपत्रं वापरल्याचा ठपका तुमच्या नावावर राहतो. दोन वर्षांची खरी गॅप मुलाखतीत समजावून सांगता येते.

दुसरा, 'आधी शिका, नोकरी लागल्यावर फी भरा' हा. सही मात्र घेतात कर्जाच्या कागदावर. पैसे वित्तसंस्था क्लासला एकरकमी देते आणि हप्ता तुमच्या खात्यातून कापला जातो, क्लास बंद पडला तरी. ओटीपी देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते द्यावंच लागतं. त्यात वार्षिक व्याजदर असतो, आणि दंड न भरता कर्जातून बाहेर पडण्याची मुदतही. ही मुदत छोटी असते, म्हणून कागद त्याच दिवशी वाचा. चिडून हप्ता थांबवलात तर सिबिल तुमचं बिघडतं. आधी वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. क्लासविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पैसे गेले असतील तर आता घाई करायची ती इथे. पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला. सोबत प्रत्येक व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, रक्कम, तारीख आणि वेळ तयार ठेवा. ४९९ पासून शेवटच्या डिपॉझिटपर्यंत सगळे व्यवहार वेगवेगळे लिहा, कारण खाती बहुधा वेगवेगळी असतात. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात, म्हणून 'आधी सरांशी बोलून बघू' यात दिवस घालवू नका. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि पोच क्रमांक घेऊन बँकेला लेखी कळवा.

गट सोडू नका, रागाने काही लिहूही नका, नाहीतर तुम्हाला काढतील आणि चॅट हातचं जाईल. आधी सगळं जपून ठेवा. स्क्रीनशॉट अडवलेले असतील तर दुसऱ्या फोनने फोटो काढा. टेलिग्रामवरचं युजरनेम बदलता येतं, त्यामागचा आकडी आयडी बदलत नाही. तो मिळाला तर तक्रारीत जरूर लिहा.

ठाण्यात "तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत ना?" असं विचारलं गेलं तर खचू नका. खोटं सांगून माणसाला त्याच्याच हाताने पैसे द्यायला लावणं, हीच कायद्यातली फसवणूक आहे, भारतीय न्याय संहिता कलम ३१८. खोटं काय सांगितलं, कुणी, कोणत्या तारखेला, आणि त्यावर विसंबून किती दिले, या चार गोष्टी त्याच क्रमाने एका पानावर लिहून न्या. घटना दुसऱ्या हद्दीतली म्हणून परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायचा गुन्हा, घ्यावा लागतो.

आधार, पॅन, कॅन्सल चेक पाठवले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा, आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा, नावावर कर्ज निघालं असेल तर तेव्हा दिसतं.

चांगले गट आहेत, आणि ते ओळखता येतात. त्यात आठ-दहा, फार तर पंधरा माणसं असतात. महिन्यातून एकदा तरी वाचनालयात, बागेत, कुणाच्या घरी समोरासमोर बसतात. ॲडमिनचं पूर्ण नाव आणि कामाचं ठिकाण सगळ्यांना माहीत असतं, पैशांचा विषय निघत नाही. नकार आलेले मेल तिथे मोकळेपणाने वाचले जातात आणि "तिसऱ्या फेरीत मला एसक्यूएलचं हे विचारलं" अशा बारीकसारीक गोष्टी मिळतात. नव्या गटात गेल्यावर एक प्रश्न टाकून बघा : गेल्या तीन महिन्यांत किती जणांना नोकरी मिळाली नाही? प्रश्न जागेवर राहतो का आणि उत्तरं येतात का, यावरून कळतं. 'प्लेस' झालेल्याशी दहा मिनिटं व्हिडिओवर बोलायला मागा.

पुढे काही आठवड्यांनी एक फोन येण्याची शक्यता असते : "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फाइल चार्ज अडीच हजार." तुमचा नंबर त्यांना त्याच टोळीच्या यादीतून मिळालेला असतो. १९३० किंवा पोलीस कुणीही पैसे सोडवण्यासाठी फी घेत नाही.

आणि गटातून बाहेर पडण्याआधी एक काम करा. तुमच्यानंतर ज्यांनी ओळख लिहिली त्यांची नावं उतरवून घ्या, तिथला खरा नोकरी शोधणारा त्यांच्यातच आहे. पुरावे जपून आणि तक्रार नोंदवून झाल्यावर त्यांना एकेकट्याला खासगीत लिहा : कोणत्या यूपीआय आयडीवर, कोणत्या कारणाने, किती पैसे मागितले, आणि तुमच्या तक्रारीचा क्रमांक. ज्यांचे गेले असतील त्यांना आपापली वेगळी तक्रार नोंदवायला सांगा आणि तुमचा क्रमांक त्यात लिहायला सांगा. एकाच खात्याविरुद्ध पाच तक्रारी असल्या की तपासात ते खातं लवकर वर येतं.