चराईचं मुसकं: लठ्ठ घोडीला लावून पाहिल्यावर

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. नायलॉनच्या पट्ट्यांचं आणि रबरी तळाचं चराईचं मुसकं (घोडीचं चरणं कमी करायला तोंडावर बांधायची टोपली) माझ्याकडून पाचपैकी साडेतीन ताऱ्यांनी पास. दीड तारा कापलाय तो गालाला घासणाऱ्या पट्ट्यांसाठी आणि सोबतच्या कागदावर छापलेल्या 'दिवसरात्र घालून ठेवता येतं' या वाक्यासाठी. ज्यांचे घोडे गवताच्या नुसत्या वासानेही फुगतात, त्यांनी हे जरूर घ्यावं. पण त्याआधी पुढचं सगळं वाचावं, कारण मुसकं लावलं आणि घोडी बारीक झाली असं काही होत नाही.

ठकी आमची तट्टाणी. उंचीला बेताची, चालीला गोड, आणि खाण्याच्या बाबतीत अतृप्त आत्मा. खोगिराचा तंग शेवटच्या भोकापर्यंत आला तरी घरात सगळे 'बाळसं आहे' म्हणत होते. नालबंदाने मात्र तिचा पाय मांडीवर घेतल्या घेतल्या विचारलं, "ताई, दोन घोड्यांचं वजन एका घोडीवर का ठेवलंय?" त्यानंतर डॉक्टरांनी हात लावून तपासलं. बरगड्या दाबल्याशिवाय लागेनात, शेपटीच्या मुळाशी मऊ गाद्या, पाठीच्या कण्यावर पन्हळ पडलेली, आणि आयाळीखालची चरबीची वळकटी इतकी घट्ट की हाताने डावी-उजवीकडे हलेना. घोड्यांचं अंग जोखायची १ ते ९ गुणांची पद्धत डॉन हेनेके यांनी १९८३ साली मांडली. त्यात ५ म्हणजे बेताचं अंग. ठकीला ८ मिळाले. परीक्षेत मिळाले असते तर पेढे वाटले असते.

लठ्ठ घोड्याची भीती दिसण्याची नसते, खुरांची असते. चरबी वाढली की अनेक घोड्यांमध्ये इन्सुलिनचा कारभार बिघडतो आणि त्यातून लॅमिनायटिस होतो. खुराच्या आतलं हाड ज्या नाजूक पापुद्र्यांनी खुराच्या भिंतीला धरून ठेवलेलं असतं, तेच सुजतात आणि सुटायला लागतात. एकदा ते झालं की व्यायाम बंद, आणि व्यायाम बंद म्हणजे वजन उतरवायचा अर्धा रस्ताच बंद. म्हणून जे करायचं ते पाय धड असतानाच करायला हवं.

आता मुसक्याकडे. घोडीचं चरणं कमी करायचं तर सरळ तबेल्यात बांधून ठेवावं असं कुणालाही वाटेल. त्यात दोन अडचणी आहेत. बांधलेली घोडी चालत नाही आणि एकटी पडते. बरं, थोडेच तास कुरणात सोडावं म्हटलं तर घोडा आपल्याहून हुशार. पोनींच्या अभ्यासात दिसलंय की कुरणाची वेळ तीन तासांवर आणली तर त्या तेवढ्यातच दिवसभराच्या खाण्यातला ४० टक्क्यांपर्यंत वाटा उरकून घेतात, आणि जसजशी सवय होते तसतसा वेगही वाढवतात. ठकीला तर हे कुणी शिकवायचीही गरज नव्हती. फाटक उघडताच मान खाली, ती पुन्हा तबेल्याकडे नेईपर्यंत वर नाही.

मुसक्याने हे गणित मोडलं. टोपलीच्या तळाला जाड रबर आणि त्याच्या मधोमध साधारण अडीच सेंटिमीटरचं एकच भोक. घोडीने तोंड खाली दाबलं की दोन-चार पाती भोकातून वर येतात, ती ओठांनी ओढायची, दातांत धरायची आणि तोडायची. बकाणा भरताच येत नाही, पात्या खुडाव्या लागतात. मुसक्यामुळे पोनींचं चरणं सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचं संशोधनात नोंदलं गेलंय. माझ्या लेखी त्याहून मोलाची गोष्ट अशी, की घोडी दिवसभर इतरांबरोबर कुरणात राहते. एका जागी पोट भरत नाही म्हणून पुढच्या जागी जाते, तिथून आणखी पुढे. व्यायाम म्हणावा असं ते नव्हे, पण तबेल्यात एका पायावर भार टाकून पेंगण्यापेक्षा शंभर पटीने बरं. मी पैसे मोजले ते खरं तर या भटकंतीसाठी.

मापाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. घोडी डोकं सरळ धरून उभी असताना ओठ आणि रबरी तळ यांच्यात दोन बोटांची जागा हवी. नाकपुड्यांच्या दोन्ही बाजूंनी टोपली टेकता कामा नये. घोडा चावतो तेव्हा जबडा बराच खाली येतो. उभ्या घोडीवर बरोबर वाटणारं मुसकं चरताना हनुवटीला काचतं. म्हणून पट्टे बांधल्यावर तिला हातावर काहीतरी चघळायला द्या आणि पट्ट्यांखालून बोट फिरवून पाहा. मानेमागचा पट्टा सैल राहिला तर ती कुंपणाच्या खांबाला कान घासून पाच मिनिटांत मुसकं उतरवते आणि मग सूड घेतल्यासारखी चरते. एक पट्टा ताण पडताच तुटणारा किंवा सुटणारा असायलाच हवा. न तुटणारी मोहरकी घालून त्यावर मुसकं अडकवणारे लोक पाहिलेत, त्यांना हात जोडून सांगते, असं करू नका. खिळ्यात किंवा फांदीत अडकली तर मान मोडून घेईल.

सवय लावताना घाई केली की घोडी मुसक्यावर कायमचा राग धरते. पहिल्यांदा नुसतं तोंडाजवळ धरलं, आत तिच्या आवडीचं काही ठेवलं आणि तिने आपणहून नाक घातलं की काढून घेतलं. मग बांधून भोकातून पात्या भरवल्या, म्हणजे खाणं कुठून येतं ते कळतं. हे न करता थेट सोडलेले घोडे खुराने मुसकं उकरतात नाहीतर कुंपणाशी रुसून उभे राहतात. पाणी पिता येतंय का ते डोळ्यांनी पाहा. हौदात किंवा बादलीत तोंड बुडवून घोडे मुसक्यातून आरामात पितात, तळाचं भोक त्यासाठीही असतं. पण भिंतीला लावलेल्या छोट्या आपोआप भरणाऱ्या भांड्यात टोपली मावत नाही.

गवताची उंचीही बघावी लागते. हाताच्या बोटांएवढं उभं गवत भोकातून व्यवस्थित वर येतं. अगदी खुरटं असेल तर पातं आत पोचतच नाही, आणि गुडघाभर वाढून आडवं पडलं असेल तर रबराखाली दाबलं जातं. दोन्ही वेळा घोडी उपाशी राहते आणि चिडते. हे कागदावर छापायला हवं होतं, तिथे त्याऐवजी धुण्याच्या सूचना आहेत.

'दिवसरात्र' या शब्दाला माझा विरोध आहे. सर्वसाधारण शिफारस दिवसाला १० ते १२ तासांच्या वर जाऊ नये अशी आहे. मुसक्यात घोड्याला दुसऱ्याची मान खाजवता येत नाही, माशी चावली तर तोंडाने हाकलता येत नाही, मिठाची वडी चाटता येत नाही. पण उरलेले तास तिला मोकळ्या कुरणात सोडलं तर केलेलं सगळं पाण्यात, ती तेवढ्यात भरपाई करून घेते. म्हणून मुसकं निघतं तेव्हा ठकी गवत नसलेल्या मातीच्या आवारात येते आणि तिथे तिला मोजलेलं सुकं गवत मिळतं.

मोजलेलं म्हणजे काट्यावर मोजलेलं. 'दोन पेंढ्या' हे माप नव्हे, पेंढी सैलही असते आणि ठोसूनही. आधी घोडीचं वजन काढायचं. मोठा काटा नसेल तर टेप पुरते: पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११८८०. घेर १६० आणि लांबी १३५ आली तर वजन साधारण २९१ किलो. हा आकडा तंतोतंत नसतो, पण एकाच माणसाने, त्याच वेळी, त्याच जागी मोजलं तर कल बरोबर कळतो. वजन उतरवायचं असेल तर त्या वजनाच्या दीड टक्का कोरडं अन्न, म्हणजे इथे सुमारे ४.४ किलो. सुक्या गवतातही थोडा ओलावा असतोच, म्हणून काट्यावर पाच किलोच्या आसपास. मुसक्यातून खुडलेलं गवतही याच हिशेबात येतं, त्यामुळे मी त्यातून थोडं कापते. किती, ते दर पंधरवड्याच्या टेपवर ठरतं. आठवड्याला अर्धा ते एक टक्का वजन उतरलं तर वेग बरोबर.

दाणा बंद केला, पण खनिजं-जीवनसत्त्वांची भुकटी सुरू ठेवली. नुसत्या सुक्या गवतात ई जीवनसत्त्व फारसं उरत नाही, आणि मी साखर कमी करायला गवत भिजवते तेव्हा पाण्याबरोबर खनिजंही वाहून जातात. (भिजवलेलं पाणी फेकायचं, घोड्याला पाजायचं नाही. उन्हाळ्यात तास-दीड तासाच्या वर भिजवलं तर आंबूस वास येतो. आणि वजन करायचं ते भिजवण्याआधी.) उपास घडवून वजन उतरवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पोट रिकामं राहिलं की व्रण होतात. त्यातून पोनी, गाढवं आणि छोट्या जातींना एकाएकी उपाशी ठेवलं तर अंगातली चरबी रक्तात उतरून जिवावर बेतू शकतं.

पाच किलो गवत ठकी दोन तासांत संपवायची आणि रात्रभर दार लाथाडायची. त्यावर बारीक भोकांची जाळी आणली, तीनेक सेंटिमीटरच्या भोकांची. हिला मी चारहून जास्त तारे देईन. तेवढंच गवत आता पहाटेपर्यंत पुरतं, जाळी भरायला मात्र नको जीव होतो. पायाला नाल असेल तर जाळी जमिनीवर टाकू नका, टाचेत अडकते. उंच बांधा नाहीतर झाकणाच्या पेटीत ठेवा.

राहिला व्यायाम, आणि इथे कुठलंही मुसकं तुमच्या कामाला येणार नाही. डॉक्टरांनी खुरं तपासून हिरवा कंदील दाखवल्यावर ठकीला हातात धरून चालवायला सुरुवात केली, मग चढ-उतार, मग दुडकी. पायांना त्रास नसलेल्या लठ्ठ घोड्यांसाठी तज्ज्ञांची शिफारस आठवड्यात पाचपेक्षा जास्त वेळा, अर्ध्या तासाहून जास्त, कँटर (दुडकीहून जलद चाल) ते जलद कँटर अशा वेगाची आहे. त्यात नाडी मिनिटाला १३० ते १७०च्या दरम्यान जाते. विश्रांतीत ती ३० ते ४०च्या आसपास असते, यावरून हे नुसतं फेरफटका मारणं नव्हे हे लक्षात येईल. तिथवर पोचायला महिने लागतात. चरबीची झूल पांघरलेली घोडी चटकन तापते, म्हणून पहिल्या दिवसांत नाकपुड्या किती वेळात शांत होतात तेच बघून मी थांबायचे. खूर हाताला गरम लागलं किंवा टाचेमागची नाडी ठसठसू लागली, तर त्या दिवशी खोगीर खुंटीवर.

फरक कुठे दिसला? आधी तंगात, मग बरगड्यांत. आता हात सपाट फिरवला तरी त्या लागतात. मानेवरची वळकटी सगळ्यात हट्टी, ती मऊ झाली आहे पण गेलेली नाही. नालबंद परवा काही न बोलता काम करून गेला, ते मी कौतुक समजते.

मुसक्याच्या तक्रारी उरल्याच आहेत. गालाच्या हाडावर पट्ट्याने केस उडाले, तिथे लोकरीची नळी शिवून घ्यावी लागली. ही नळी बनवणाऱ्यांनीच द्यायला हवी होती. वेल्क्रोत गवताची कुसळं भरून ती धरेनाशी होते, महिन्यातून एकदा जुन्या कंगव्याने साफ करावी लागते. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे भोक. दात घासून घासून रबर झिजतं आणि भोक मोठं होतं. टेपवरचा आकडा उतरायचा थांबला तेव्हा मी मुसकं उलटं करून पाहिलं, तर माझा अंगठा सहज इकडून तिकडे फिरत होता. पुढचे दातही अधूनमधून बघून घ्या, रबरावर घासून कडा झिजतात.

ज्यांना रोज दोनदा कुरणात जाऊन मुसकं जागेवर आहे का ते पाहता येत नाही, त्यांनी हे घेऊ नये. लॅमिनायटिसने आत्ताच लंगडणाऱ्या घोड्यालाही हे नाही, त्याला कुरणच नको. कळपात दादागिरी करणारा घोडा असेल तरी जपून, कारण मुसकं घातलेल्याला उलटून चावता येत नाही.

ठकीचं रबर आता बदलायला झालंय. दुसरं मागवताना कडक प्लॅस्टिकच्या जाळीदार टोपलीचं घेणार आहे. उन्हात त्यात हवा जास्त खेळते आणि तळ वेगळा मिळतो, म्हणजे भोक मोठं झालं की सगळं मुसकं टाकायला नको. माप हेच, पट्टे मात्र पहिल्या दिवसापासून लोकर लावलेले.