टाकीवाला प्रिंटर दोनेक वर्षं वापरल्यावर: शाईचा प्रश्न मिटला, आता ते पॅड बघून घ्या

दहावीची सराव परीक्षा तोंडावर आली होती. विज्ञानाची प्रश्नपत्रिका काढायला घेतली आणि प्रिंटरचे लाल दिवे लुकलुकायला लागले. कॉम्प्युटरवर मेसेज आला की इंक पॅडची (वाया गेलेली शाई शोषून घेणाऱ्या पट्ट्यांची) मुदत संपली, सर्व्हिस सेंटरला भेटा. टाकीत शाई अर्ध्याच्या वर, आदल्या दिवशीपर्यंत छपाई स्वच्छ, तरी मशीन एक पान काढेना. मी नाशिकच्या सिडकोत घरी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. ऐन हंगामात प्रिंटर बंद म्हणजे प्रत्येक पेपर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात रांग लावणं आलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. असं पॅड किंवा त्याची डबी इंकजेटमध्ये, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या प्रिंटरमध्ये, सगळ्यांकडेच असते आणि माझा मुद्दा त्या पॅडाबद्दल आहे. टाकीवाला प्रिंटर म्हणजे ज्यात शाईची बंद डबी, म्हणजे कार्ट्रिज, बदलायची नसते, मशीनच्या टाकीत बाटलीने शाई ओतायची असते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच मोठं आहे. माझा जुना प्रिंटर कार्ट्रिजवाला होता. मशीन तीन-साडेतीन हजाराला मिळालं, पण कार्ट्रिज आठशेच्या आसपास आणि दोनशे पानांत फिकट पडायला सुरुवात. रंगीत आकृती छापायची म्हटलं की हात आखडायचा. हृदयाची आकृती मुलांना काळ्या-पांढऱ्यात द्यायची आणि वर सांगायचं, इकडची बाजू लाल समजा, तिकडची निळी. टाकीवाला बारा हजारांच्या पुढे गेला, पण काळ्या शाईच्या एका बाटलीवर कंपन्या साधारण 4500 पानं लिहितात आणि माझा अनुभव त्याच्या बराच जवळ जाणारा आहे. आता प्रत्येक मुलाला रंगीत आकृती मिळते. मशीनचे जास्तीचे पैसे पहिल्याच शैक्षणिक वर्षात वसूल झाले.

जी शाई इतकी वर्षं सोन्याच्या भावाने विकली ती या कंपन्यांनी एकदम स्वस्त कशी केली, हे कळल्याशिवाय पॅडाचं भांडणही नीट कळत नाही. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि कमाई शाईवर करायची, हा या धंद्याचा जुना हिशोब. पण इंडोनेशियासारख्या देशांत लोकांनी त्याला बगल दिली. जपानच्या एप्सन कंपनीचा स्वस्त प्रिंटर घ्यायचा, बाजूला बाटल्या लावायच्या, नळ्या आत सोडायच्या आणि बाहेरची स्वस्त शाई वापरायची. मशीन कंपनीचं, शाईचे पैसे दुसऱ्याच्या खिशात. आपल्याकडेही इंजेक्शनच्या सिरिंजने कार्ट्रिज भरून देणारे होतेच. एप्सनने लोकांशी भांडत बसण्यापेक्षा 2010 मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकी लावलेला प्रिंटर आणला. मशीनची किंमत वाढवली, शाई स्वस्त केली, म्हणजे नफा आधीच हातात. त्यांना हे सोपंही गेलं, कारण त्यांचं छपाईचं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, मशीनमध्ये कायमचं बसवलेलं असतं. एचपी या दुसऱ्या कंपनीने मात्र 1984 च्या थिंकजेट प्रिंटरपासून हेड बहुतेक कार्ट्रिजमध्येच दिलं होतं. कार्ट्रिज बदललं की हेडही नवीन.

आपल्याकडच्या बाजारांत हे आधी आलं, युरोपात 2014 ला आणि अमेरिकेत 2015 ला पोहोचलं. याचं मला फार बरं वाटतं. जपानच्या कंपनीला धंद्याची पद्धत बदलायला लावली ती पै-पैचा हिशोब करणाऱ्या गिऱ्हाइकांनी.

एचपीचं तर 2016 हे एकच वर्ष बघा. त्या वर्षी त्यांनी आपल्यासारख्या देशांसाठी टाकीवाले जीटी प्रिंटर आणले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या काही प्रिंटरनी दुसऱ्यांची चिप (कार्ट्रिज कोणाचं ते मशीनला सांगणारी) असलेली कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली. बोंब झाली तेव्हा माफी मागून ते बंधन काढायचं सॉफ्टवेअर द्यावं लागलं. पुढे जानेवारी 2024 मध्ये त्यांचे तेव्हाचे प्रमुख एनरिके लोरेस यांनी उघड सांगितलं की विकलेला प्रत्येक प्रिंटर ही गिऱ्हाइकामधली गुंतवणूक असते. त्याने पुरेशी छपाई केली नाही किंवा आमची शाई वापरली नाही, तर ती गुंतवणूक वाईट. छपाई महिन्याच्या वर्गणीवर न्यायची, असंही ते म्हणाले.

माझं म्हणणं इथेच आहे. कंपनीची कमाई जिथे, तिथे गिऱ्हाइकाने डोळ्यांत तेल घालून बघायचं. कमाई शाईत होती तेव्हा आपण कार्ट्रिजची चिप बघायचो. आता कमाई मशीनच्या किमतीत आहे, म्हणून मशीन किती वर्षं चालतं आणि कशामुळे थांबतं, ते बघायला हवं.

सर्व्हिस सेंटरमधलं बोलणं जसंच्या तसं लिहिते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पॅड वॉरंटीत येत नाही, ते कन्झ्युमेबल आहे." कन्झ्युमेबल म्हणजे वापरून संपणारी वस्तू. वाढीव वॉरंटी मी पैसे देऊन घेतलेली. म्हटलं, ठीक आहे, शाईसारखंच कन्झ्युमेबल असेल तर काउंटरवर विकत द्या, मी घरी बदलते. "ते बाहेर देत नाही, मॅडम. मशीन ठेवून जावं लागेल." किती दिवस? आठवडा, पार्ट आला नाही तर जास्त. खर्च दोन हजारांच्या आसपास. वर सल्ला, "एवढा खर्च करण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीनच घ्या ना." उत्तम चालणारं मशीन एका फडक्यापायी टाकून द्या, असं तो सरळ चेहऱ्याने सांगत होता. मी तिथेच बऱ्याच मोठ्या आवाजात बोलले आणि मशीन उचलून आणलं.

त्या दिवशी हे लिहिलं असतं तर एकच ओळ असती, टाकीवाला घेऊ नका. आज तसं म्हणत नाही.

कॅनडा कॉर्नरजवळ एक दादा प्रिंटर दुरुस्त करतात. त्यांनी माझ्यासमोर मागचा एक स्क्रू काढला आणि लहान ट्रे बाहेर ओढला. आत नमद्यासारख्या जाड पांढऱ्या पट्ट्या एकावर एक. नळी जिथे सुटते तो कोपरा काळाकुट्ट, बोट लावलं तर ठिबकेल इतका ओला, आणि पलीकडचं टोक अजून पांढरं. मी म्हटलं, अहो, हे तर भरलेलंच नाही. ते म्हणाले, "ताई, मशीन पॅड बघत नाही. दर हेड क्लीनिंगला किती शाई खाली गेली त्याचा अंदाज मोजतं. भरून वाहायला लागलं तर टेबल खराब, आत बोर्डावर गेली तर मशीनच गेलं. म्हणून आधीच थांबवतं." त्यांनी पट्ट्या बदलल्या, मशीनमधला तो मोजणीचा काउंटर शून्यावर आणला आणि सर्व्हिस सेंटरच्या निम्म्याहून कमी पैसे घेतले. तासाभरात प्रश्नपत्रिका छापून तयार.

म्हणजे पॅड असणं ही फसवणूक नाही. हेड साफ करताना ओढलेली शाई कुठेतरी जाणारच. माझा राग आहे तो ते पॅड गिऱ्हाइकाला विकत न देण्यावर. बाटली माझी मी भरू शकते, मग एक स्क्रू मी काढू शकत नाही? आता बऱ्याच मॉडेलमध्ये मेंटेनन्स बॉक्स, म्हणजे त्या पॅडाची सुटी डबी, येतो. तो आपण स्वतः ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा. ही सोय आहे, हे कंपन्यांना चांगलं कळतं. पण स्वस्तातल्या मॉडेलमध्ये ती अनेकदा नसते आणि दुकानदार आपणहून सांगत नाही.

वापराचं थोडं. क्लीनिंग जितकं कमी तितकं पॅड जास्त टिकतं. मशीन त्याच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या बोर्डाने नको. बटणाने बंद केलं की हेड झाकणाखाली जाऊन बसतं आणि वाळत नाही. एप्रिल-मे मध्ये नाशिकची हवा कोरडी असते आणि शिकवण्याही बंद, तेव्हा आठवड्याला एक रंगीत पान काढा. आणि कोणी नुसता काउंटर रिसेट करून देत असेल तर पट्ट्याही बदलून घ्या, नाहीतर शाई खरंच टेबलावर येईल.

गेल्या महिन्यात नाशिकरोडच्या जाऊबाईंना त्यांच्या पाळणाघरासाठी प्रिंटर घ्यायचा होता. त्यांच्यासोबत दुकानात गेले आणि किमतीच्या आधी विचारलं की मेंटेनन्स बॉक्स घरी बदलता येतो का आणि तो सुटा मिळतो का. एका मॉडेलला येत होता, ते हजार-बाराशेने महाग होतं. तेच घेतलं, आणि एक जादा बॉक्सही बिलावर लावून घेतला.