एए मीटिंग: सेवा पक्की, पत्ता शोधणं मात्र कठीण

दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे मिळणाऱ्या सगळ्या सेवांमध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची मीटिंग आम्ही फार वर मानतो. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव सांगायचं नाही. दारू थांबवायची इच्छा एवढी एकच अट. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही फेलोशिप, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेला मेळ, भारतात १९५७ पासून आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या, २७ अभ्यास तपासणाऱ्या अहवालातही, रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस दिसले.

सेवेची कमकुवत बाजू दाराबाहेरच सुरू होते. गट बहुतेक महापालिकेच्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये किंवा समाजमंदिराच्या मागच्या खोलीत भरतात. अनामिकता जपायची म्हणून मोठी पाटी नसते, असलाच तर कोपऱ्यात ‘ए.ए.’ लिहिलेला छोटा बोर्ड. वॉचमनला माहीत असेलच असं नाही. त्यात दिवाळीची नि मे महिन्याची सुट्टी लागली, शाळेत परीक्षा किंवा मतदान केंद्र आलं की जागा बदलते आणि छापील यादी जुनी होते. नवा माणूस मोठ्या मुश्किलीने निघतो, कुलूप बघून परततो, आणि वाटेत गुत्ता असतोच.

म्हणून नुसत्या यादीवर जाऊ नका. एएच्या हेल्पलाइनला फोन करा आणि नेमकं विचारा: वार, वेळ, कोणत्या गेटने आत, कितवा मजला, मीटिंग मराठीत की हिंदी-इंग्रजीत, ओपन (घरच्यांनाही चालणारी) की क्लोज्ड. गटातल्या एका माणसाचा नंबर मागून घ्या आणि त्याच दिवशी दुपारी त्याला फोन करा. ‘गेटवर घ्यायला याल का?’ असं बिनधास्त विचारा. जुने मेंबर आनंदाने येतात. हेल्पलाइन लागली नाही तर जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाला विचारा. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण किंवा मुंबईत सुरू झालेलं कृपा फाउंडेशन यांसारख्या संस्थांना आसपासचे गट ठाऊक असतात. सरकारी १४४४६ हा टोल-फ्री नंबर मुख्यतः समुपदेशन आणि उपचार केंद्रांच्या माहितीसाठी आहे. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकच मीटिंग असेल, तर मधल्या दिवसांना ऑनलाइन मीटिंग धरा.

क्लोज्ड मीटिंग फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे त्याच्यासाठी. बायको किंवा आई सोबत आली तर तिला बाहेर थांबावं लागतं, आणि तो अपमान वाटून दोघंही परत फिरतात. घरच्यांना न्यायचं असेल तर ओपन मीटिंगच निवडा. घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी फेलोशिप आहे. (चहातून गुपचूप डायसल्फिरामची, म्हणजे दारू प्यायल्यास शरीरात रिअ‍ॅक्शन घडवणारी, गोळी देणारी घरं अजून आहेत. त्यावर दारू प्यायली तर माणूस दगावू शकतो. हे कृपा करून करू नका.)

आत तास-दीड तास जातो. प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेकाचं शेअरिंग. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं तरी चालतं. शेवटी पिशवी फिरते. पैसे टाकायची सक्ती नाही, नवख्याने टाकूच नयेत. निघताना दोन-तीन नंबर मात्र घ्याच, कारण तल्लफ मीटिंगच्या वेळेला येत नाही.

दारू बंद केल्यावर होणाऱ्या शारीरिक त्रासावर एए उपचार करत नाही, हे इथे सांगायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला आधी मानसोपचार ओपीडीत किंवा व्यसनमुक्ती केंद्रात न्या. गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. थायमिन, म्हणजे बी-१, आधी न देता ते लावलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. आणि गटात कुणी ‘डॉक्टरच्या गोळ्या बंद कर’ म्हणालं तर ते ऐकू नका. मेंबरने डॉक्टर होऊ नये, ही एएचीच भूमिका आहे.

उणिवा आहेत. देवाचा उल्लेख वारंवार येतो. ‘आपल्याला समजेल तसा’ अशी मोकळीक एएच्या बारा पायऱ्यांतच, म्हणजे दारूमुक्तीच्या मूळ सूत्रांतच, दिलेली आहे, तरी काहींना ते खटकतं. बऱ्याच गटांत बायका अगदी थोड्या. बाईने आधीच फोन करून स्त्री मेंबर असणारा किंवा फक्त स्त्रियांचा ऑनलाइन गट मागावा. गुप्तता परंपरेने पाळली जाते, कायद्याने नाही, त्यामुळे नोकरीचे किंवा पोलीस केसचे तपशील सगळ्यांसमोर नकोत, स्पॉन्सरपाशी, म्हणजे आपल्याला वाट दाखवणाऱ्या जुन्या मेंबरपाशी, बोलावेत. कुणी प्रवेश फी मागितली किंवा एखाद्या खासगी केंद्रात भरती व्हायला गळ घातली, तर ते एएच्या नियमात बसत नाही, तिथून उठा.

एका गटावरून मत बनवू नका. निदान तीन वेगळ्या गटांत जाऊन बघा, कारण प्रत्येकाचा बाज निराळा. पहिला नीट मानवला नाही, तर त्याच खोलीत पुढच्या मीटिंगचा पत्ता विचारा. तिथे तो बहुतेकांना तोंडपाठ असतो.