गारांनी पोचे पाडलेली एअरस्ट्रीम आणि तिला हात लावणारं वर्कशॉप

उत्तर कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सच्या पूर्वेला मक्याच्या शेतांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे ट्रेलर दुरुस्त करणारं एक छोटं वर्कशॉप आहे. बाहेर पाटी लहान, आत एका वेळी तीन ट्रेलर जेमतेम मावतात. गारपिटीत सापडलेली आमची एअरस्ट्रीम, म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचा राहायचा ट्रेलर, त्यांनी दुरुस्त केली. माझ्याकडून पाचपैकी चार तारे, आणि तेही सढळ हाताने नव्हे, काम जवळून बघून दिलेले. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मी बरीच वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली आहेत. पत्रा कुठे ताणला जातो, कुठे परत येतो आणि कुठे कायमचा बसतो, हे माझ्या रोजच्या कामातलं होतं. त्यामुळे दुकानदार काय बोलतो यापेक्षा त्याचा हात पत्र्यावर कसा फिरतो, इकडे माझं लक्ष असतं.

आमचा ट्रेलर म्हणजे 2016 ची 23 फुटी फ्लाइंग क्लाउड, सेकंडहँड घेतलेली, पुढच्या बाजूला पलंग असलेली. वॉली बायम यांनी 1931 मध्ये सुरू केलेली ही कंपनी. 1936 चं क्लिपर हे मॉडेल गाजलं आणि आज कारखाना ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला आहे. बांधणी जुन्या विमानासारखी. आत अ‍ॅल्युमिनियमच्या फासळ्या, त्यांच्यावर साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा, आणि सगळं रिव्हेटने, म्हणजे भोकातून घालून ठोकून बसवलेल्या धातूच्या पिनांनी जोडलेलं. बाहेरचा पत्रा नुसता झाकायला नसतो, भारही घेतो. आतून आणखी एक पत्रा, दोहोंच्या मध्ये इन्सुलेशन आणि वायरिंग. या रचनेमुळेच हा ट्रेलर हलका असतो आणि चाळीस-पन्नास वर्षं टिकतो. गारांच्या बाबतीत मात्र हीच रचना अडचणीची ठरते.

कारच्या बॉनेटला गारांनी पोचा पडला तर कारागीर मागून वाकडी सळई घालतो आणि रंग न दुखवता पत्रा हळूहळू वर दाबतो. डेन्व्हरमध्ये असं करून देणारे पैशाला पासरी आहेत. एअरस्ट्रीमला मागून हातच जात नाही, कारण आतला पत्रा आणि कपाटं मध्ये येतात. पुटी भरून रंग मारावा, तर इथे रंगच नाही. वर पारदर्शक थर दिलेला उघडा धातू आहे, सगळं दिसतं. शिवाय लोखंडाच्या मानाने अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा एक तृतीयांश. गार बसते तेव्हा पत्रा नुसता वाकत नाही, त्या जागी ताणून पसरतो आणि कडक होतो. वाढलेलं क्षेत्रफळ परत कुठे जाणार? म्हणून हेअर ड्रायरने तापवून वर कोरडा बर्फ लावायचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. ताणला गेलेला पत्रा गार केल्याने आखडून मूळ जागी येत नाही.

आमच्याकडे पडलेल्या गारांचा आकार मला नेमका ठाऊक आहे. फोर्ट कॉलिन्समध्ये 1997 च्या जुलैत मोठा पूर आला, त्यानंतर 1998 मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतून कोकोराज नावाचं स्वयंसेवकांचं जाळं सुरू झालं. घरोघरी लोक पाऊस, बर्फ आणि गारा मोजून कळवतात. गारांसाठी थर्मोकोलची एक फुटी चौकोनी पाटी असते, तिला जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळलेली असते. गार पडली की फॉइलवर खळगा उमटतो, तो मोजायचा. आमच्या मागच्या कुंपणाजवळ अशी पाटी आहे. त्या दुपारी तिच्यावर उमटलेले बरेच खळगे पावणेदोन इंचांच्या गारांचे, म्हणजे गोल्फच्या चेंडूएवढ्या गारांचे होते. इथली हवामान सेवा 2010 पासून एक इंच आणि त्यावरच्या गारांना तीव्र समजते. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं आणि पडण्याचा वेगही वाढतो, म्हणून आदळण्याची ऊर्जा जवळजवळ सोळापट होते. एक इंचाच्या गारेने पत्र्यावर लहान खूण राहू शकते, दोन इंचांना छत बदलायची वेळ येऊ शकते, ती यामुळे. 8 मे 2017 ला डेन्व्हरच्या पश्चिमेला लेकवूडकडे जी गारपीट झाली, तिचे विम्याचे दावे दोन अब्ज डॉलरच्या वर गेले आणि तिथला एक मोठा मॉल कित्येक महिने बंद राहिला. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या या पट्ट्यात राहायचं आणि ट्रेलर उघड्यावर ठेवायचा, तर हे गृहीतच धरायला हवं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या. त्या निफाडच्या. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिच्यात हाताशी आलेली बाग गेलेली त्यांनी पाहिली आहे. गारा थांबल्यावर मी आणि माझा नवरा ट्रेलरभोवती फिरून पोचे मोजत होतो. त्या सरळ दार उघडून आत गेल्या, गादी उचलली आणि खालच्या फळीवरून हात फिरवला. म्हणाल्या, “बाहेरचं राहू दे गं, आत पाणी मुरतंय का ते आधी बघ. मार बसलेला मणी दिसतो, पण घड नासतो तो आतल्या ओलीने.” वर्कशॉपच्या मालकांनीही तपासणीला सुरुवात पाणी शिरतंय का इथूनच केली, तेव्हाच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्याआधी विमा कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने कारसाठी वापरतात तो तक्ता काढला. नाण्याएवढा पोचा असेल तर इतके, मोठा असेल तर तितके, गुणिले संख्या. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना मोजणी केली. अ‍ॅल्युमिनियमवरचे उथळ पोचे तशा उजेडात दिसतच नाहीत, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात पत्र्याला डोळा लावून बघावं लागतं. रिव्हेट उघडावे लागतील, आतलं सामान काढावं लागेल, ही मजुरी त्याच्या कागदावर कुठेच नव्हती. मी लेखी आक्षेप घेतला आणि वर्कशॉपचा अंदाज जोडला, मग दुसरा माणूस आला. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर असलेल्या प्रत्येकाला कळकळीने सांगते, पॉलिसी आजच काढून वाचा. काहींमध्ये निव्वळ दिसण्याचं नुकसान वगळलेलं असतं, म्हणजे पाणी गळत नसेल तर पोच्यांचे पैसे नाहीत. भरपाई घसारा कापून मिळणार की ठरलेल्या किमतीवर, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

आता वर्कशॉपबद्दल. मालक सत्तरीतले, पूर्वी विमानाच्या पत्र्याचं काम केलेले. हाताखाली एक तरुण मुलगी आणि आणखी एक जण. पोच्यांकडे त्यांनी आधी पाहिलंच नाही. छतावरच्या पंख्याच्या जागी एक मोठा ब्लोअर बसवला, दारं-खिडक्या बंद करून ट्रेलरमध्ये हलका दाब तयार केला आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारलं. जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे. बुडबुडे तीन ठिकाणी आले. दुसऱ्या पंख्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला तडा गेला होता. न्हाणीघरावरच्या स्कायलाइटचा काठ सुटला होता. आणि दाराच्या बाजूला, छत जिथे वळून खाली येतं तिथल्या पॅनेलचा सांधा एका फासळीवर उघडला होता. ही तिसरी जागा आम्हाला कधीच सापडली नसती. दोन फासळ्यांच्या मध्ये पत्रा लवतो, तिथे पोचा पसरट पडतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. फासळीच्या वर मात्र पत्र्याला लवायला जागा नसते. गार नेमकी रिव्हेटच्या ओळीवर बसली की खळगा टोकदार पडतो, रिव्हेट ढिला होतो आणि त्याखालचं सीलंट फाटतं. मग पाणी दोन पत्र्यांच्या मधून उतरत थेट प्लायवूडच्या जमिनीत जातं. दोन-तीन हंगामांत जमीन कुजते, आणि ते काम पत्र्यापेक्षा कितीतरी महाग.

त्यांनी ओल मोजायचं यंत्र सगळ्या कोपऱ्यांत लावलं. आमची जमीन कोरडी निघाली. सासूबाईंनी तो आकडा स्वतः वाचून घेतला.

मग मालकांनी काय करायचं आणि काय नाही ते सांगितलं. दाराच्या बाजूचं ते एक पॅनेल बदलायचं. झाकण आणि स्कायलाइट नवीन. एसीच्या कंडेन्सरच्या पात्या गारांनी चपट्या झाल्या होत्या, त्या खास फणीने सरळ करायच्या. पुष्कळ लोक हे विसरतात आणि मग एसी थंड करत नाही म्हणून गॅस भरत बसतात. बाकीच्या पॅनेलना हात लावायचा नाही. आणि पुढच्या घुमटाला, म्हणजे ट्रेलरच्या गोलाकार तोंडाला, तर अजिबात नाही. घुमटावर मार सर्वांत जास्त होता, वारा समोरून असल्यामुळे. माझ्या नवऱ्याच्या मनात तेच नीट करायचं होतं. घुमट एकसंध नसतो, मोसंबीच्या फोडींसारखे दोन्ही दिशांनी वळलेले तुकडे एकमेकांवर चढवून रिव्हेट केलेले असतात. ते बदलायचे तर पलंग, वरची कपाटं, खिडक्या, आतला पत्रा, सगळं बाहेर काढायचं. मालक म्हणाले, “कारखान्यात बसलेला सांधा पाणी अडवतोय. फक्त दिसण्यासाठी मी तो उघडला, तर तो पुन्हा तितकाच घट्ट बसेल अशी हमी मी देणार नाही.” घुमटाचं काम आमच्या बिलातलं सर्वांत मोठं ठरलं असतं, आणि विमा कंपनीने त्याचे पैसे तोवर मंजूरही केले होते. तरी त्यांनी ते नाकारलं. असं दुकान मला अमेरिकेत क्वचितच भेटलं आहे.

पॅनेलचं काम बघायला त्यांनी मला बोलावलं. आधी आतली कपाटं आणि आतला पत्रा निघाला. जुन्या रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवली, भोकं मोठी होऊ न देता. हे कसबाचं काम आहे, कारण भोक मोठं झालं की पुढचा रिव्हेटही मोठा घ्यावा लागतो. नवीन पत्रा जुन्यावर ठेवून भोकं उतरवली, सांध्यात सीलंट भरलं आणि क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिनांनी पत्रा जागच्या जागी धरला. मग दोन माणसं: बाहेर रिव्हेट गन घेऊन मालक, आत लोखंडी ठोकळा धरून ती मुलगी. बाहेरून ठोका, आतून आधार, की रिव्हेटचं शेपूट पसरून बसतं. प्रत्येक रिव्हेट झाला की ती आतून एकदा टकटक करायची, म्हणजे ठीक. दोनदा केली तर अजून थोडा ठोका. दिवसभर दोघांत याशिवाय बोलणं नाही. स्वस्तातली दुकानं आतला पत्रा न काढता बाहेरूनच बसणारे रिव्हेट मारतात आणि डोकी घासून गुळगुळीत करतात. हात पोचत नाही तिथे ते योग्यच, या दुकानानेही एका कोपऱ्यात चार-पाच तसेच वापरले आणि मला दाखवून वापरले. पण पूर्ण पॅनेल तसं लावतो म्हणणाऱ्याकडे ट्रेलर देऊ नका. मोठी गारपीट झाली की दुसऱ्या राज्यांतून फिरती पथकं येतात, दारावर कार्ड अडकवून जातात. कारसाठी त्यांतले काही उत्तम असतील. रिव्हेटच्या कामाला तुमच्याकडे ठोकळा धरणारा माणूस आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा.

काम झाल्यावर पुन्हा ब्लोअर, पुन्हा साबण. एकही बुडबुडा नाही. नंतर वायोमिंगच्या बाजूला आम्हाला रात्रभर धो धो पाऊस लागला, आत थेंब आला नाही.

एक तारा का कापला? एक म्हणजे फोन. दिवसा गनच्या आवाजात फोन ऐकू येत नाही हे मान्य, पण संध्याकाळीही परत फोन येत नाही. पत्रा यायला उशीर झाला हे मला तिथे गेल्यावर कळलं. उन्हाळ्यात ज्यांची राहायची सोय ट्रेलरमध्येच आहे, त्यांना हे परवडणार नाही. दुसरं, आतला पत्रा उघडलेला असतानाचे फोटो त्यांनी काढले नाहीत. मी काढले म्हणून आहेत. पुढे विकताना किंवा पुढच्या दाव्याच्या वेळी हेच फोटो उपयोगाचे असतात, कारण उरलेले पोचे आता आधीचं नुकसान म्हणून नोंदले गेले आहेत आणि त्यांचे पैसे पुन्हा मिळणार नाहीत. वर्कशॉपने हे बिलासोबत द्यायला हवं.

नव्या पॅनेलची चमक वेगळी दिसते, हेही सांगून ठेवते. जुन्या पत्र्यावरचा थर उन्हाने थोडा मंद झालेला, नवा लख्ख. ती तक्रार नाही, मालकांनी काम घेण्याआधीच दोन्ही तुकडे उन्हात शेजारी धरून दाखवले होते. पॉलिश करून सारखं करू का, असं त्यांना विचारू नका. या काळातल्या पत्र्यावर पारदर्शक थर असतो, तो पूर्ण उतरवल्याशिवाय पॉलिश होत नाही, आणि उतरवला की पत्रा उघडा पडतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या जुन्या ट्रेलरांची गोष्ट वेगळी.

गारांनी मार खाल्लेला ट्रेलर डीलरकडे स्वस्तात दिसला, तर घ्यावा का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. कोरडा असेल तर जरूर घ्या. आधी अशा वर्कशॉपमध्ये नेऊन दाबाची तपासणी करून घ्या, ती तासाभरात होते आणि पॅनेलच्या मानाने खर्च अगदी थोडा. विकणारा तपासणीला नाही म्हणाला, तर सौदा सोडून द्या.

या वर्कशॉपला मे ते ऑगस्ट फोन करण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरनंतर करा, तेव्हा जागा असते आणि मालकांना बोलायला वेळही असतो. जाताना पॉलिसीची प्रत आणि आधीचे फोटो न्या, आणि पलंगाखालचं सामान काढून ठेवा. कपाटं रिकामी करायची मजुरीही ते तासावर लावतात, आणि ती दराप्रमाणे रास्तच आहे.