एमोडनेटचा समुद्रतळाचा नकाशा, नॉर्थ सीसाठी तरी बघाच

युरोपियन युनियनची फुकट सर्विस आहे, ब्राउझरमध्येच उघडते. स्कॉटलंडच्या डंडीपासून पूर्वेला समुद्रात झूम करत जा, आजूबाजूचा तळ 80-90 मीटर आणि मधेच डेव्हिल्स होलच्या चरी एकदम 200 च्या पार, तिथे रंग बदलतो ना, अंगावर काटा येतो राव! हिमयुगात बर्फाखाली वितळलेलं पाणी प्रचंड दाबाने वाहायचं, वरून बर्फाचं वजन, त्यामुळे ते चढावरसुद्धा ढकललं जायचं आणि तळ कोरत सुटायचं, म्हणून या दऱ्या नदीसारख्या उतरत जात नाहीत, दोन्ही टोकांना बंद. बऱ्याचशा मात्र गाळाने बुजल्यात, त्या इथे दिसणार नाहीत, त्याला तेल कंपन्यांचा थ्रीडी सिस्मिक डेटाच (ध्वनिलहरी सोडून तळाखालचे थर दाखवणारा) लागतो. भूगोल शिकवणाऱ्यांनी वर्गात लावाच.