डॅलसचे ‘सिक्स्थ फ्लोअर म्युझियम’: खिडकीपाशी थांबावे असे संग्रहालय

डॅलसला आलेल्या पाहुण्यांना मी आवर्जून डीली प्लाझा या चौकातल्या ‘सिक्स्थ फ्लोअर म्युझियम’मध्ये नेतो आणि निदान तीन तास मोकळे ठेवा, असे आधीच सांगतो. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या वेळी ही इमारत शालेय पुस्तकांचे गोदाम होती. ज्या खिडकीतून गोळ्या झाडल्या गेल्या, तो सहाव्या मजल्याचा आग्नेय कोपरा आज काचेआड असून त्या दिवशीसारखीच खोक्यांची रास तेथे रचलेली आहे. काडतुसांच्या तीन रिकाम्या पुंगळ्या याच खिडकीखाली सापडल्या, तर ६.५ मिलिमीटरची इटालियन कार्कानो रायफल, क्रमांक सी २७६६, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला जिन्याजवळच्या खोक्यांमध्ये दडवलेली होती. मूळ रायफल मात्र येथे नाही. ती राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

माझ्या मते येथली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एफबीआयने वॉरन आयोगासाठी, म्हणजे हत्येच्या अधिकृत चौकशी आयोगासाठी, तयार केलेली चौकाची प्रतिकृती. ती नीट पाहावी आणि मग शेजारच्या खिडकीतून एल्म रस्त्याकडे नजर टाकावी. केनेडींची गाडी उतारावरून जवळजवळ सरळ रेषेत दूर जात होती आणि शेवटच्या गोळीच्या वेळी अंतर जेमतेम ८१ मीटर होते, हे तेव्हा डोळ्यांना पटते.

जाण्यापूर्वी एक फरक समजून घ्यावा. नळीतल्या पिळदार खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात. त्यांवरून केनेडींना नेलेल्या पार्कलंड रुग्णालयात स्ट्रेचरवर मिळालेली, जवळजवळ अखंड गोळी आणि गाडीतले दोन मोठे तुकडे याच रायफलीचे ठरले, आणि १९७० च्या दशकात संसदीय समितीच्या तज्ज्ञांनीही तेच सांगितले. शिशाच्या रासायनिक घटकांवरून तुकडे जुळवण्याची पद्धत मात्र पुढे टिकली नाही. २००५ मध्ये एफबीआयनेच ती बंद केली. दोन्हींना एकाच मापाने मोजणे हा पुराव्यावर अन्याय आहे.

बाहेर पदपथावर एका विक्रेत्याने माझ्या पाहुण्यांना ‘गोळी हवेत वळली’ असे रेखाटन विकले, याचे मला फार वाईट वाटले. एकच गोळी केनेडी आणि त्यांच्याच गाडीत पुढे बसलेले टेक्सासचे गव्हर्नर कॉनली या दोघांनाही लागली, या अधिकृत निष्कर्षाची ती खिल्ली असते. त्यात कॉनली थेट केनेडींच्या पुढे, त्याच उंचीवर बसवले होते. प्रत्यक्षात कॉनलींचे आसन थोडे आतल्या बाजूला आणि खाली होते. म्हणून रेखाटने विकत घेण्याआधी तिकीट काढून वर जावे आणि खिडकीपाशी दहा मिनिटे शांत उभे राहावे.